रस्त्यावरून डोंगराकडे: पहिली माउंटन बाईक कशी निवडावी

पुणे, नाशिक, सातारा यांसारख्या सह्याद्रीच्या सान्निध्यात वसलेल्या शहरांतून पहाटेच्या वेळी अरुंद टायरांच्या आणि वळणदार हँडलांच्या हलक्या सायकलींवर घाटरस्ते चढणारी चौदा ते अठरा वर्षांची मुले-मुली आज विरळ राहिलेली नाहीत. आणि ज्यांचे पाय व ज्यांची फुप्फुसे अशा नित्य परिश्रमाने कसली गेली आहेत, त्यांच्या मनात सिंहगडाच्या डांबरी वळणांवरून खाली दिसणाऱ्या गाडीवाटांविषयी, पाणंदींविषयी आणि माळरानावरच्या पायवाटांविषयी कधी ना कधी औत्सुक्य जागे व्हावे, हे स्वाभाविकच आहे. हे औत्सुक्य घरात बोलून दाखवले गेले, की आईवडील मात्र काहीसे गोंधळात पडतात. वजन कमी असावे, टायर अरुंद असावेत, हवा कडक असावी, बैठक पुढे झुकलेली असावी, असे जे ज्ञान त्यांनी रस्त्यावरची सायकल घेताना चौकशी करून करून संपादन केलेले असते, ते डोंगरवाटेच्या सायकलीला लावू गेल्यास बहुतेक ठिकाणी उलटे पडते. आणि दुकानात जाडजूड टायर, पुढेमागे स्प्रिंगा व भडक रंग यांनी सजलेल्या सायकलींची जी रांग उभी असते, तिच्यातली खरोखर डोंगराला लायक कोणती आणि केवळ तशी दिसणारी कोणती, याचा निवाडा अनभ्यस्त डोळ्याला करता येत नाही.

या निवाड्यासाठी एक कसोटी हाताशी ठेवली, तर पुष्कळसा गोंधळ निवळतो. दोन-तीन वर्षे रस्त्यावर सायकल चालवत आलेल्या मुलापाशी दम आहे, चिकाटी आहे, पेडल फिरवण्याची लय आहे आणि आपली शक्ती तासन् तास पुरवून वापरण्याचा हिशेब आहे; एवढे भांडवल त्याच्या नावावर आधीच जमा झालेले आहे. सुटी जमीन दुरून ओळखणारी नजर, ब्रेकवरचा दाब तोलून देणारी बोटे, आणि खाली सायकल हेलकावत असताना वर स्थिर राहणारे शरीर, या तीन गोष्टी मात्र डांबराने त्याला शिकवलेल्या नाहीत, कारण डांबराला त्यांची फारशी गरजच पडत नाही. तेव्हा पहिल्या माउंटन बाईकवर जी रक्कम खर्च व्हायची, ती या तीन गोष्टींच्या शिक्षणासाठी खर्च व्हावी, आणि वजनातले शे-दोनशे ग्रॅम व गिअरांची संख्या यांचा विचार त्यामागून यावा, असे माझे निश्चित मत आहे.

या प्रकारच्या सायकलीचा जन्म कसा झाला, हे पाहिले असता या मताला आधारच मिळतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, मॅरिन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथील काही तरुणांनी १९७० च्या दशकात जुन्या, अवजड, फुग्यासारख्या टायरांच्या सायकली भंगारातून व गोदामांतून शोधून काढून त्या डोंगरउतारांवरून खाली पिटाळण्यास प्रारंभ केला. आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी रीपॅक या उतारावर पहिली शर्यत भरवली, जीत सुमारे तीन किलोमीटरांच्या अंतरात जवळपास चारशे मीटर खाली उतरावे लागे. पेडल उलटे दाबून लावायचे मागील चाकाचे ब्रेक या उतारावर इतके तापत, की त्यांच्यातील वंगण जळून धूर होई आणि पुढच्या खेपेपूर्वी ते नव्याने भरावे लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही या मंडळीतली नावे पुढे सर्वतोमुखी झाली. १९७७ साली ब्रीझ याने केवळ याच कामासाठी पहिली चौकट बांधावयास घेतली, १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची स्टम्पजंपर ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली माउंटन बाईक बाजारात आली, १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. या साऱ्या विकासाचा ओघ पाहता असे दिसते, की सुधारणा झाल्या त्या प्रथम ब्रेक, टायर, हँडल आणि चौकटीची भूमिती यांत झाल्या. धक्के गिळणारे चिमटे त्यानंतर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, प्रचारात आले. खरेदीच्या वेळीही महत्त्वाचा अनुक्रम जवळपास हाच ठेवावा.

येथे एक शंका पालकांच्या, आणि विशेषतः रस्त्यावरच्या शर्यतींची तयारी करून घेणाऱ्या प्रशिक्षकांच्या, मनात डोकावल्याशिवाय राहत नाही: मुलाचे लक्ष विभागले जाऊन त्याची मूळ साधना खंडित तर होणार नाही? याचे उत्तर जगातील अव्वल सायकलपटूंच्या चरित्रांनीच देऊन ठेवले आहे. २०११ मध्ये टूर द फ्रान्स जिंकणारा ऑस्ट्रेलियाचा कॅडेल इव्हान्स हा १९९८ व १९९९ या दोन्ही वर्षी माउंटन बाईकच्या विश्वचषकाचा विजेता होता. २०१५ पासून लागोपाठ तीन वर्षे रस्त्यावरचे जगज्जेतेपद राखणारा स्लोव्हाकियाचा पीटर सागान २००८ मध्ये कुमारगटात माउंटन बाईकचा जगज्जेता झाला होता. आणि फ्रान्सच्या पोलीन फेराँ-प्रेव्हो हिने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये माउंटन बाईकचे सुवर्णपदक घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी महिलांची टूर द फ्रान्स जिंकली. मातीवर कमावलेला तोल, घसरणाऱ्या चाकाची भीड मोडणे, वळणापूर्वी योग्य क्षणी वेग उतरवण्याची जाण, हे गुण ओल्या घाटरस्त्यावर उतरतानाही तितकेच उपयोगी पडतात. म्हणून ही नवी सायकल जुन्या साधनेची वैरीण न मानता तिची पूरक मानावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. पहिला विचार मापाचा. वाढत्या अंगाचा सदरा जसा दोन बोटे मोठा शिवतात, तशी सायकल मोठ्या मापाची घेण्याचा मोह घरोघर होतो. परंतु मोठ्या चौकटीवर ताणून बसलेल्या मुलाला उतारावर शरीर मागेपुढे हलवता येत नाही, आणि जे शिक्षण घेण्यासाठी सायकल आणली तेच खुंटते. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभे राहिले असता चौकटीची आडवी नळी व शरीर यांत निदान पाच-सहा सेंटीमीटर मोकळे अंतर राहिले पाहिजे, आणि पेडलांवर उभे राहून कोपरे किंचित वाकवली असता हँडल सहज हाती आले पाहिजे. उंची वाढेल तशी सीट वर घेता येते, आणि हँडलला जोडणारा दांडा थोड्या खर्चात बदलता येतो. मूळ चौकट मात्र बदलता येत नाही. रस्त्यावरच्या सायकलीत पुढच्या चिमट्याचा दांडा जमिनीशी सुमारे ७३ अंशांचा कोन करतो, म्हणून ती हाताच्या लहानशा इशाऱ्याने वळते. आजच्या चांगल्या माउंटन बाईकमध्ये हा कोन साधारण ६५ ते ६८ अंशांपर्यंत कललेला असतो, त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून दूर राहते आणि तीव्र उतारावर डोक्यावरून पलटी होण्याचा धोका कमी होतो. हँडलची रुंदीही चाळीस सेंटीमीटरांवरून सत्तर-पंचाहत्तरवर जाते. रस्त्याची सवय असलेल्या मुलाला पहिले काही दिवस हे सारे सुस्त आणि अवघड वाटेल. तेवढ्यावरून सायकल नापसंत करू नये.

दुसरा विचार धक्क्यांचा, आणि येथेच बहुतेक कुटुंबांचे पैसे वाया जातात. बेताच्या किमतीत पुढे व मागे अशा दोन्ही ठिकाणी स्प्रिंग देणारी सायकल दिसावयास भारी दिसते. परंतु त्या किमतीत मागील सांधे व स्प्रिंग उत्तम बनवणे शक्यच नसल्यामुळे, प्रत्येक पेडलाबरोबर ती खालीवर डोलते, चढावर मुलाचे श्रम गिळते, आणि वर्षभरात तिचे सांधे खिळखिळे होतात. त्याच रकमेत केवळ पुढे धक्काशोषक चिमटा असलेली, जिला हार्डटेल म्हणतात ती सायकल घेतल्यास चौकट, चाके व ब्रेक हे सारे वरच्या प्रतीचे मिळते. शिवाय हार्डटेलचे मागील चाक स्वाराला प्रत्येक दगडाची वार्ता देते, आणि वाट निवडताना झालेली चूक तत्काळ कळते. शिकणाऱ्याला यापरता दुसरा लाभ नाही. पुढच्या चिमट्यातही हवेवर चालणारा आणि पोलादी स्प्रिंगवर चालणारा असे दोन प्रकार असतात. स्वस्त स्प्रिंग साधारणतः प्रौढ माणसाचे वजन गृहीत धरून बसवलेली असते. पंचेचाळीस-पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या भाराने ती दबतच नाही, आणि दोन-अडीच किलोंचा तो चिमटा निव्वळ ओझे होऊन बसतो. हवेच्या चिमट्यात लहानशा विशेष पंपाने स्वाराच्या वजनानुसार दाब ठरवता येतो. स्वार सायकलीवर बसला असता चिमटा आपल्या एकंदर हालचालीच्या पाचव्या हिश्शाइतका खचावा, असा स्थूल हिशेब आहे. शंभर ते एकशेवीस मिलिमीटर हालचालीचा असा चिमटा पहिल्या सायकलीस भरपूर झाला. तो ऐपतीबाहेर असेल, तर निकृष्ट स्प्रिंगपेक्षा साधा, न हलणारा चिमटा आणि रुंद टायर ही जोडी अधिक प्रामाणिक सेवा देते.

तिसरा विचार ब्रेकचा, आणि त्यात काटकसर मुळीच करू नये. तारेने ओढल्या जाणाऱ्या डिस्क ब्रेकपेक्षा तेलाच्या दाबावर चालणारे, म्हणजे हायड्रॉलिक, डिस्क ब्रेक हे केवळ अधिक शक्तिमान असतात एवढेच नव्हे, तर ती शक्ती ते एका बोटाच्या सूक्ष्म दाबाने कमीजास्त करू देतात. उरलेल्या तीन बोटांनी हँडलवरची पकड कायम राहते, आणि लांब उतारावर लहान मुलांचे हात थकत नाहीत. आपल्याकडे मोटारसायकलीप्रमाणे बहुतेक सायकलींतही उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण काही परदेशी रिवाजांनुसार तो उलट जोडलेला असतो. म्हणून दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी दोन्ही सायकलींत ही व्यवस्था एकसारखी करून घ्यावी, कारण संकटाच्या क्षणी बोटे विचार करत नाहीत, सवयीने चालतात. नव्या डिस्क ब्रेकना आपली पूर्ण धार येण्यासाठी सपाट, मोकळ्या जागी पुष्कळ वेळा वेग घेऊन हळूहळू उतरवावा लागतो, ही ताकीदही मुलाला आधीच द्यावी.

चाकांच्या बाबतीत रस्त्यावरच्या स्वाराला एक गोष्ट ऐकून नवल वाटेल: २९ इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या माउंटन बाईकच्या रिमचा टायर बसण्याच्या जागचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे त्याच्या रस्त्यावरच्या सायकलीच्या रिमइतकाच असतो, फरक पडतो तो टायरच्या जाडीने. मोठे चाक खड्ड्यात कमी अडकते व दगडावरून सहज पार होते, म्हणून उंच मुलांनी तेच घ्यावे. एकशेसाठ सेंटीमीटरांहून कमी उंचीच्या मुलामुलींना साडेसत्तावीस इंची चाक अधिक आटोक्यात राहते. टायर सव्वादोन इंच रुंदीच्या आसपास असावा. दर चौरस इंचास ऐंशी-शंभर पौंड दाबाची सवय झालेल्या हाताला येथे वीस-पंचवीस पौंडांवर थांबताना चुकल्यासारखे वाटते, परंतु त्या मऊपणामुळेच रबर जमिनीचा आकार धारण करते आणि सैल मुरमावरही पकड टिकते. आपल्या दख्खनच्या भूमीवर आणखी एक मुद्दा निर्णायक ठरतो, तो काट्यांचा. माळावर, बांधावर, ओढ्याकाठी वेड्या बाभळीचे राज्य आहे, आणि तिचा वाळका काटा साध्या ट्यूबला क्षणात भेदतो. म्हणून ट्यूबलेस करता येणारी रिम व टायर पाहून घ्यावे आणि त्यात भोके आपोआप बुजवणारे द्रव सीलंट भरून घ्यावे. आपल्याकडच्या उष्म्यात ते सुकते, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी तपासून त्यात भर घालावी. काळ्या जमिनीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी टायर आणि चौकट यांतील मोकळी जागाही पाहावी, कारण पावसाळ्यात तेथील चिकण माती चाकाला थरावर थर चढत जाते आणि जागा अपुरी असल्यास चाक फिरायचेच थांबते.

गिअरांविषयी थोडक्यात सांगता येईल. पुढे तीन चक्रे व मागे सात, म्हणजे एकवीस गिअर, ही जाहिरातीची भाषा झाली. आजच्या चांगल्या माउंटन बाईकला पुढे एकच चक्र असते व मागे दहा ते बारा चक्रांचा रुंद संच असतो. पुढे ३२ दाते आणि मागे ५१ दाते अशी जोडी लावली, की पेडलाच्या एका फेऱ्यात चाक दोनतृतीयांश फेराही पुरा करत नाही, आणि खडी चढणही बसल्या जागी, मागील चाकाची पकड न सोडता, चढता येते; रस्त्यावर सीटवरून उठून जोर लावण्याची जी सवय असते, ती सुट्या मातीवर मागील चाकाला जागच्या जागी फिरवते. दुकानदाराला दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावेत: मागील चक्रांचा संच आट्यांवर फिरवून बसवलेला फ्रीव्हील आहे, की फ्रीहबवर सरकवून बसवलेला कॅसेट आहे, आणि चाके बारीक आसावर आहेत, की आरपार जाणाऱ्या जाड आसावर. कॅसेट आणि जाड आस असलेली सायकल पुढे भाग बदलून वाढवता येते. पहिल्या प्रकारच्या सायकलीला ती सोय फार थोडी असते, आणि तिचा मागील आस दणक्यांनी वाकण्याचीही भीती असते.

सायकलीची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे, हे ध्यानात घेऊन उपलब्ध रकमेचा निदान सहावा हिस्सा इतर साहित्यासाठी राखून ठेवावा. डोक्याची मागील बाजू अधिक झाकणारे हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, पारदर्शक चष्मा, पंप व दुरुस्तीची किरकोळ हत्यारे ही त्यातली अपरिहार्य. रस्त्यावरचे, तळव्याला तीन स्क्रूंनी पट्टी जोडलेले बूट येथे निरुपयोगी ठरतात, कारण दगडातून सायकल ढकलताना त्यांनी चालताच येत नाही. पहिल्या हंगामात रुंद, सपाट पेडले व चिवट तळव्याचे बूट वापरावेत, म्हणजे पाय क्षणात जमिनीवर टेकता येतो आणि भीती कमी होते. आर्थिक मर्यादा असल्यास चांगल्या प्रतीची वापरलेली सायकल नव्या हलक्या प्रतीच्या सायकलीपेक्षा कधीही श्रेयस्कर. मात्र ती घेताना चौकटीच्या जोडांवर केसाएवढी भेग, चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे, हबमध्ये ढिलाई व रिमला वाक आहे काय, हे जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावे. आणि मूळ खरेदीची पावती व चौकटीच्या खालच्या बाजूस कोरलेला क्रमांक जुळवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सायकल घरी आल्यानंतर तिला कोठे न्यायचे, हा प्रश्न निवडीपासून वेगळा काढता येत नाही. भीमाशंकर किंवा कोयना यांसारख्या अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये प्रवेशावर निर्बंध आहेत, आणि इतर वनजमिनीवरही वनखात्याचे नियम लागू असतात. तेव्हा आधी परवानगीची चौकशी करावी. कासच्या पठारासारखे जे कातळसडे आहेत, त्यांवर मातीचा थर अत्यंत पातळ असून पावसाळ्यानंतर त्यावर दुर्मीळ वनस्पती उमलतात. तेथे वाटेबाहेर उमटलेली चाकोरी वर्षानुवर्षे बुजत नाही, म्हणून अशा जागी सायकल वाटेबाहेर नेऊच नये. शेताच्या बांधावरून जाताना मालकाची अनुज्ञा घेणे, गुरे दिसताच उतरून चालणे, आणि वाटसरूला व डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला प्रथम वाट देणे, हा शिष्टाचार मुलांच्या अंगी पहिल्या दिवसापासून बाणवावा. ज्या गावाच्या पाणंदीतून आपण जातो, त्या गावाने उद्याही आपले स्वागत करावे, एवढी जबाबदारी प्रत्येक स्वारावर आहे.

अंतिम निर्णयापूर्वी मुलाला सायकल मातीवर चालवून पाहू द्यावी, आणि ज्या दुकानात ती सोय नसेल तेथे निदान पायऱ्यांच्या कडेने, खडीच्या अंगणात तरी. तेव्हा तो किती वेगाने गेला हे पाहू नये. उतारावर तो पेडले समतल ठेवून उभा राहू शकतो काय, एका बोटाने ब्रेक लावताना त्याचे मनगट सरळ राहते काय, आणि चाक घसरल्यावर सायकल पुन्हा ताब्यात आणण्याइतकी ती त्याच्या अंगाला बसते काय, हे पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर रंग, नाव आणि गिअरांची संख्या काहीही असो, ती सायकल घ्यावी. पुढील दोन-तीन वर्षांत त्याची उंची वाढेल, वजन वाढेल, कदाचित तो तिच्याहून चांगली सायकल मागू लागेल. आणि त्या वेळी आपल्याला नेमके काय हवे व का हवे, हे तो स्वतः सांगू शकला, तर पहिल्या सायकलीवर खर्च केलेली रक्कम पूर्णपणे सार्थकी लागली असे खुशाल समजावे.